औषधाला टेकणारं प्लास्टिक

नेब्युलायझरचं औषध प्लास्टिकच्या इवल्याशा कुपीत येतं आणि अशा कुप्या पुन्हा ॲल्युमिनियमच्या पाकिटात बंद असतात. कुपी गळत नाही, मग पाकीट कशाला? कारण ती कमी घनतेच्या पॉलिइथिलीनची, म्हणजे एलडीपीईची असते. या प्लास्टिकमधून पाणी वाहत नाही, पण काही वायू आणि बाष्पं हळूहळू आरपार जातात. लेबलाचा गोंद, छपाईची शाई, पुठ्ठा यांतली उडून जाणारी रसायनं कुपीच्या भिंतीतून औषधात उतरू शकतात आणि तिथून थेट फुप्फुसात.

या प्लास्टिकची सुरुवात अशी: मार्च १९३३ मध्ये इंग्लंडातल्या विनिंग्टन इथे एरिक फॉसेट आणि रेजिनाल्ड गिब्सन इथिलीन वायूवर प्रचंड दाबाखाली प्रयोग करत होते. भांड्यात मेणासारखा पांढरा पदार्थ सापडला, तो एलडीपीईचा पूर्वज. १९५३ मध्ये जर्मनीत कार्ल झिगलर यांनी उत्प्रेरकाच्या मदतीने कमी दाबात पॉलिइथिलीन बनवलं. त्याच्या रेणूंच्या साखळ्या जवळपास सरळ होत्या. फांद्या छाटलेली लाकडं दाटीने रचता येतात, तशा त्या घट्ट बसतात. म्हणून हे जास्त घनतेचं पॉलिइथिलीन, म्हणजे एचडीपीई, कडक असतं आणि ओलावा अधिक चांगला अडवतं. गोळ्यांच्या पांढऱ्या बाटल्या त्याच्याच. तरी महिनोन्‌महिने थोडी वाफ आत शिरतेच. सिलिका जेलची पुडी त्यासाठी.

एलडीपीई साधारण ११० अंश सेल्सियसला वितळतं, तर वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये नेहमीचं तापमान १२१ अंश असतं. त्यामुळे एलडीपीईच्या पिशव्या बहुधा गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. डोळ्यांच्या थेंबांच्या अनेक कुप्या तर एकाच यंत्रात घडतात, भरतात आणि तिथेच सीलबंद होतात. टायव्हेक हे एचडीपीईच्या अतिसूक्ष्म तंतूंचं कापड. ते निर्जंतुक करणारा वायू आत जाऊ देतं, जंतूंना अडवतं.

क्लीनरूममध्ये, म्हणजे हवेतल्या कणांवर मर्यादा असलेल्या खोलीत, कसोटी आणखी कडक. आयएसओ वर्ग ५ च्या खोलीत घनमीटरभर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. तिथे जाणाऱ्या पिशवीची फिल्मही स्वच्छ हवेतच ओढावी लागते. साध्या पिशव्या एकमेकींवर सहज सरकाव्यात म्हणून प्लास्टिकमध्ये स्लिप एजंट घालतात; ते हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि आतल्या वस्तूला लागू शकतं. म्हणून इथे ते टाळतात. वस्तू दोन-तीन पिशव्यांत गुंडाळतात आणि प्रत्येक टप्प्यावर बाहेरची एकेक पिशवी काढून मगच पुढे नेतात.

म्हणजे रेणू तोच. फरक पडतो तो त्याच्या रचनेने, त्यात काय घातलं आणि काय घातलं नाही याने, आणि तो कुठल्या हवेत घडला याने. एवढं पाहिल्यावर प्लास्टिकचा ग्रेड बदलणं ही खरेदी विभागाची किरकोळ बाब मानता येणार नाही. भाव दोन पैशांनी उतरला म्हणून प्लास्टिकचा दाणा बदलला, तर औषधात काय झिरपतं आणि औषधातलं काय भिंतीत शोषलं जातं, हे पुन्हा तपासायला हवं. रुग्णाला ती भिंत निवडता येत नाही. त्याच्या वतीने ती निवडणाऱ्याने तिला औषधाचाच भाग मानलं पाहिजे.