जुना ट्रान्समीटर, नवी लहर

कॅलिफोर्नियातल्या क्राफ्ट सिस्टिम्सने 1970 च्या सुमारास बनवलेला, सोनेरी छटेच्या ॲल्युमिनियमचा ट्रान्समीटर आजही रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती विमान उडवू शकतो. तेही शेजारी आठदहा जण आपापली विमाने उडवत असताना, कुणाच्याही लहरीत न घुसता. त्याच्या मूळ काळात हे इतक्या निर्धास्तपणे शक्य नव्हते. एका फ्रिक्वेन्सीवर दोन ट्रान्समीटर चालू झाले की निदान एक विमान जमिनीवर आदळणार, हा तेव्हा मैदानावरचा साधा नियम होता.

या छंदाचा आरंभ बऱ्याच आधीचा आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या वॉल्टर आणि विल्यम गुड या भावांनी 1937 मध्ये ‘गफ’ नावाची प्रतिकृती रेडिओने उडवली. ती आज स्मिथसोनियनच्या हवाई संग्रहालयात आहे. पुढे हौशी मंडळींच्या हाती जे आले ते म्हणजे एक बटण असलेला डबा. बटण दाबले की विमानातल्या एस्केपमेंट नावाच्या यंत्रणेची कळ सुटायची, पीळ भरलेल्या रबर बँडच्या जोरावर ती एक टप्पा फिरायची आणि रडर उजवीकडे जायचा. बटण सोडले की मध्यावर, पुन्हा दाबले की डावीकडे. पुढची पाळी कुठल्या बाजूची, हे उडवणाऱ्याने लक्षात ठेवायचे. नंतरच्या सुधारित एस्केपमेंटमध्ये एकदा दाबले की उजवीकडे, दोनदा दाबले की डावीकडे अशी सोय झाली.

मग रीड आले. रिसीव्हरमध्ये पोलादी पात्यांची रांग असायची आणि हार्मोनियमच्या सुरांप्रमाणे प्रत्येक पाते आपापल्या स्वराला थरथरायचे. ज्याचा स्वर ट्रान्समीटरने पाठवला, ते पाते कंप पावून संपर्कबिंदूला टेकायचे आणि त्याची मोटर फिरायची. हे सारे मात्र ‘पूर्ण किंवा काहीच नाही’ अशा स्वरूपाचे होते. स्टिक थोडी हलवली तर पंखावरची पट्टीही थोडीच हलावी, ही अपेक्षा 1960 च्या दशकात पुरी झाली. डग स्प्रेंग आणि त्याच्या सहकाऱ्याची ‘डिजिकॉन’ ही त्या पद्धतीची पायाभूत रचना. याच पद्धतीचे संच बनवणाऱ्या क्राफ्ट सिस्टिम्सचा फिल क्राफ्ट स्वतः निष्णात वैमानिक होता. 1967 मध्ये कॉर्सिकात झालेली रेडिओ-विमानांची जागतिक स्पर्धा त्याने जिंकली.

या पद्धतीचे मर्म विलक्षण साधे आहे. प्रत्येक सर्व्होला, म्हणजे पट्टी हलवणाऱ्या मोटरीला, एक स्पंद मिळतो. तो 1 मिलिसेकंद असेल तर एक टोक, 2 मिलिसेकंद असेल तर दुसरे आणि साधारण दीडच्या आसपास मध्य. सगळ्या चॅनलचे स्पंद एकामागोमाग जातात, मग थोडी विश्रांती, आणि सुमारे 20 मिलिसेकंदांनी तीच माळ पुन्हा. या विश्रांतीमुळेच रिसीव्हरला कळते की आता पहिल्या चॅनलपासून मोजायचे. ट्रान्झिस्टर गेले, चिप आल्या, पण सर्व्होच्या तारेतला हा संकेत साठ वर्षांत जवळपास बदललेला नाही. जुन्या पेट्या पुन्हा उडवता येतात त्या यामुळे.

त्या अडगळीत गेल्या त्याही बिघडल्या म्हणून नव्हे, तर लहरी बदलल्या म्हणून. 27 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर सीबी रेडिओची गर्दी झाली. अमेरिकेत 72 मेगाहर्ट्झवर 1991 पासून अरुंद चॅनलचे नियम आले आणि त्यांत न बसणारे संच बाद ठरले. नंतर 2005-06 च्या सुमारास 2.4 गिगाहर्ट्झचे संच बाजारात आले. ते आपल्याच रिसीव्हरशी जोडी जमवतात, त्यामुळे फ्रिक्वेन्सी ठरवणारे क्रिस्टल बदलणे आणि फ्रिक्वेन्सीची पाळी धरणे दोन्ही संपले.

जीर्णोद्धाराला सुरुवात होते ती मागचे झाकण उघडून, आणि पहिले दृश्य बहुधा निराश करणारे असते. निकेल-कॅडमियम सेल गळलेले असतात. त्यांतला पोटॅशियम हायड्रॉक्साइड सर्किट बोर्डावर हिरवट बुरशीसारखा पसरतोच, शिवाय ऋण टोकाच्या तारेच्या आतून चढत जातो. वरून धडधाकट दिसणारी तार सोलली की आत काळी निघते आणि तिला सोल्डर धरत नाही. चकचकीत तांबे दिसेपर्यंत ती कापत जायचे किंवा सरळ बदलायची. बोर्डावरचा अल्कलीचा थर सौम्य व्हिनेगरने मारून, बोर्ड पाण्याने धुऊन पूर्ण वाळवायचा. त्यानंतर पाळी स्टिकखालच्या पोटेन्शियोमीटरची. कार्बनचा पट्टा झिजला असेल तर स्टिक स्थिर असतानाही पंखावरची पट्टी थरथरते.

पुढे दोन वाटा आहेत. स्पंदांची माळ बनवणारा जुना एन्कोडर शाबूत असेल तर ती माळ थेट नव्या 2.4 गिगाहर्ट्झ मॉड्यूलला द्यायची. व्होल्टेज उतरवावे लागते, कधी स्पंद उलटा करावा लागतो आणि चॅनलचा क्रम तपासावा लागतो, कारण कंपन्यांमध्ये त्याबाबत एकमत कधीच नव्हते. दुसरी वाट आर्डुइनोसारख्या छोट्या मायक्रोकंट्रोलरची. तो पोटेन्शियोमीटरचे व्होल्टेज 1,024 पायऱ्यांत वाचतो आणि माळ स्वतः गुंफतो. सर्व्होची दिशा उलटवणे, हालचाल कमी-जास्त करणे, दोन चॅनल मिसळणे या सोयी त्याच्याबरोबर आपोआप येतात. एका बटणाच्या डब्यातही तो बसवता येतो. मग एकदा-दोनदा दाबण्याची जुनी रीत कायम राहते, पण विमानात रबर बँडऐवजी आधुनिक सर्व्हो काम करतो. मला यातली हीच करामत सर्वांत आवडते.

जुना रेडिओ भाग मात्र पूर्ण बंद करायचा, नाहीतर पेटी दोन पट्ट्यांवर बोलू लागेल. 27 मेगाहर्ट्झची लहर सुमारे 11 मीटर लांब. तिच्या चतुर्थांशाइतका एरियल हातात धरणे अशक्य, म्हणून एरियलला कॉइलची जोड द्यावी लागे. 2.4 गिगाहर्ट्झचा चतुर्थांश जेमतेम 3 सेंटिमीटर. एवढासा एरियल कुठेही लपेल, पण धातूच्या पेटीत ठेवला तर लहर बाहेरच पडणार नाही. तो बाहेर, शक्यतो प्लॅस्टिकच्या आडोशाला हवा. जुना मीटर पूर्वी रेडिओची शक्ती दाखवायचा, आता त्याला बॅटरीचे व्होल्टेज दाखवायला लावता येते.

एवढ्या खटाटोपापेक्षा नवा संच घेणे सोपे आहे, आणि तो कामही अधिक करतो. पण हे गणित करणारा माणूस या वाटेला येतच नाही. आलाच तर त्याने एक पथ्य पाळावे: मूळ पेटीला नवे भोक पाडू नये आणि काढलेले बोर्ड जपून ठेवावेत. उड्डाणाआधी कमी शक्तीवर रेंज तपासावी. विमान जमिनीवर असतानाच ट्रान्समीटर बंद करून, संकेत तुटल्यावर लागू होणाऱ्या फेलसेफमध्ये इंजिन मंदावते का, तेही पाहावे. आणि जुना लांब एरियल शोभेसाठी ठेवला असेल तर पेटीवर ‘2.4’ अशी चिठ्ठी चिकटवावी, म्हणजे जुन्या पट्ट्यावर उडवणारा शेजारी घाबरून आपले विमान घाईघाईने उतरवणार नाही.