चित्रकाराचे नाव

संकल्पनकाराची ओळख म्हणजे त्याचे बोधचिन्ह, असा समज आहे. २०२० साली निवर्तलेले अक्षरकार कमल शेडगे नाटकांची शीर्षके नाटकाच्या प्रकृतीनुसार हाताने रेखाटत. अक्षरे दर वेळी निराळी असत. तरी हात कोणाचा, हे रसिक ओळखत.

ज्यांच्या घरात या व्यवसायातले कोणी नाही, अशा आपल्या माजी विद्यार्थ्यांची शिफारस त्यांचे कामच करणार. म्हणून पन्नास नमुन्यांऐवजी सहाच दाखवावेत. प्रत्येकाखाली त्यामागचा विचार लिहावा. स्वतःचे नाव काळ्या शाईत, नखाएवढ्या आकारात वाचता येते का, हे आधी पाहावे, रंग नंतर. आडनाव लिहावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे निव्वळ सौंदर्याचा नसतो. तो निर्णय ज्याचा त्याने घ्यावा. मात्र कामावर एक नाव आणि देयकावर दुसरे, असे होऊ देऊ नये.