नगरची मराठी मंडळी

इ.स. १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने वसविलेल्या आणि आता अहिल्यानगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात येणारा प्रवासी भुईकोट किल्ला पाहतो, लोक ज्याला चांदबिबीचा महाल म्हणतात तो डोंगरावरील सलाबतखानाचा मकबरा पाहतो आणि माघारी फिरतो. येथील ख्रिस्ती मंडळीच्या उपासनामंदिराकडे त्याची पावले सहसा वळत नाहीत. मराठी भाषा आणि मराठी समाज यांवर या मंडळीचे जे ऋण आहे ते ध्यानी घेता, ही उपेक्षा मनाला लागते.

डिसेंबर १८३१ मध्ये अमेरिकन मराठी मिशनने येथे ठाणे घातले. पहिल्या दोन वर्षांतच पटकीच्या साथीने हर्वी हे मिशनरी आणि बाबाजी हे त्यांचे ब्राह्मण ख्रिस्ती सहकारी हिरावून नेले. तरीही १८३३ मध्ये मूठभर माणसांची मंडळी स्थापन झाली. पुढे सिंथिया फॅरारबाईंनी येथे मुलींच्या शाळा चालविल्या, ज्या पाहून जोतीराव फुले यांना पुण्यात तसाच उद्योग आरंभण्याची प्रेरणा मिळाली, आणि १८४२ मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्राचा जन्मही याच गावी झाला.

परंतु माझ्या मते या मंडळीच्या इतिहासातील खरा भाग्याचा दिवस १८५४ च्या अखेरीस उगवला. हरिपंत खिस्ते व रामकृष्णपंत मोडक या दोघांना त्या वेळी पाळकपदाची दीक्षा मिळाली, आणि परकीय मिशनऱ्यांच्या हुकमतीखाली वाढलेल्या मंडळीचा कारभार आपल्याच मुलुखातील, आपल्याच भाषेत विचार करणाऱ्या माणसांच्या हाती येऊ लागला. हे दोघे जन्माने ब्राह्मण, आणि या जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजात बहुसंख्य मंडळी महार-मांग वस्त्यांतून आलेली; ज्या काळी एकमेकांच्या सावलीचाही विटाळ मानला जात होता त्या काळी या साऱ्यांनी एकाच मेजाभोवती प्रभुभोजन घ्यावे, ही गोष्ट बोलायला सोपी असली तरी आचरणाला किती कठीण होती याची कल्पना आज आपणांस सहज येणार नाही. सभासदांच्या यादीतील वाढीपेक्षा मी या घटनेला अधिक मोठी प्रगती समजतो, आणि तिच्यासाठी झिजलेल्या, बहिष्कार सोसलेल्या त्या अनाम कुटुंबांपुढे कृतज्ञतेने नतमस्तक होतो.

१८९९-१९०० च्या दुष्काळात येथील मिशनरी रॉबर्ट ह्यूमसाहेबांनी अन्नछत्रे व अनाथांची व्यवस्था यांसाठी केलेल्या श्रमांबद्दल सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले. त्यांच्या नावाचे मंदिर शहरात उभे आहे.

तथापि, उपासनेला मराठी आत्मा दिला तो नारायण वामन टिळकांनी. १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतल्यानंतर ते नगरास येऊन राहिले, आणि विलायती चालींवर बेतलेल्या गीतांच्या जोडीला त्यांनी अभंग, भजन व कीर्तन यांना मंदिरात मानाचे स्थान मिळवून दिले. वारकऱ्यांचा वारसा ख्रिस्तभक्तीशी असा निःसंकोच जोडणारा दुसरा कवी मला ठाऊक नाही. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातील त्यांची पदे आजही मंडळीच्या मुखी आहेत. ज्या वाचकांना या समाजाचे घरगुती अंतरंग, त्यातील ओढाताण व जिव्हाळा पाहावयाचा असेल, त्यांनी नगरास निघण्यापूर्वी टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांची ‘स्मृतिचित्रे’ अवश्य वाचावीत.