लंडनने बावन्न वेळा विचारलेला प्रश्न

लंडन : बोरिवलीहून मामेभावाचा फोन आला की एक वाक्य ठरलेलं असतं. "तुमच्याकडे बरं आहे बाबा, अतिरेक्यांचा तिथल्या तिथे निकाल लावतात." २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयाने लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं, त्या रात्री तो हेच पोटतिडकीने बोलला. त्याचा संताप मला शंभर टक्के पटतो. त्याच्या मनातलं लंडन मात्र खरं नाही.

७ जुलै २००५ला इथे तीन भुयारी गाड्यांत आणि ३० नंबरच्या बसमध्ये स्फोट झाले. ५२ माणसं गेली. चारही हल्लेखोर जागीच मेले. त्यांना मदत केल्याबद्दल ज्या तिघांवर खटला चालला, तेही त्या आरोपातून २००९मध्ये सुटले. म्हणजे सात जुलैच्या कटासाठी इथे एकालाही शिक्षा झालेली नाही. कडक कायद्याचं म्हणाल, तर पंतप्रधान ब्लेअर आरोप न ठेवता ९० दिवस कोठडी मागत होते; संसदेने २८ दिले आणि आज ती मुदत १४ दिवसांवर आली आहे. आपल्याकडे यूएपीएखाली आरोपपत्राविना माणूस १८० दिवस आत राहू शकतो.

इथले पोलीसही काही देवमाणसं नाहीत. स्फोटांनंतर पंधरा दिवसांनी त्यांनी स्टॉकवेल स्थानकात जाँ चार्ल्स द मेनेझेस या ब्राझीलच्या इलेक्ट्रिशियनला अतिरेकी समजून डोक्यात गोळ्या घातल्या. मग तो संशयास्पद जाडजूड जाकीट घालून आला होता, फाटकावरून उडी मारून पळाला, अशा गोष्टी बाहेर पसरल्या. सगळ्या खोट्या. पोलीस दलाला दंड झाला. एकाही अधिकाऱ्यावर खटला नाही. याचा राग मला आजही येतो.

मग मला लंडनचा हेवा कशाचा वाटतो? कॉरोनरच्या, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या कोर्टाचा. सरकार स्वतंत्र चौकशीला तयार नव्हतं. नातेवाईक हटले नाहीत. शेवटी ऑक्टोबर २०१०पासून न्यायमूर्ती हॅलेट यांच्यापुढे ५२ मृत्यूंची सुनावणी झाली आणि ती पाच महिने चालली. आरोपीच्या पिंजऱ्यात कुणीही नव्हतं. प्रश्न एवढाच होता : हा माणूस कसा गेला? डब्यात तो कुठे होता, त्याच्याजवळ कोण पोचलं, केव्हा पोचलं, लवकर पोचलं असतं तर तो वाचला असता का? वाचलेल्या प्रवाशांनी साक्षी दिल्या. अखेरच्या क्षणी आपल्या माणसाचा हात कुणीतरी धरला होता, हे काही घरांना तिथे कळलं. बोगद्यात वायरलेस चालत नव्हते, निरोप पोचवायला माणसं पळवावी लागली, हेही लोकांपुढे आलं. आणीबाणीत अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवांनी एकमेकांना कळेल अशा साध्या भाषेत बोलावं, इथपर्यंत न्यायमूर्तींनी सुनावलं. कितीही लवकर मदत आली असती तरी हे बावन्न जण वाचले नसते, असाही निष्कर्ष त्यांनी दिला. किती कठोर वाक्य! पण तेवढ्यानेच काही आईबापांचा "आपण तिथे असतो तर" हा घोर मिटला असेल.

हाइड पार्कमध्ये या बावन्न जणांसाठी बावन्न पोलादी खांब आहेत. जिथे जितके गेले, तिथल्या खांबांचा तेवढाच घोळका. प्रत्येक खांबावर तारीख, वेळ आणि जागा कोरलेली आहे. अक्षरांवरून बोट फिरवता येतं. मी मात्र तिथे उभा राहून आठवत होतो माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. ११ जुलै २००६, संध्याकाळची गर्दी, फर्स्ट क्लासचे डबे, अकरा मिनिटांत सात स्फोट, १८०हून अधिक मृत्यू. तेव्हा रुळांलगतच्या वस्त्यांतले लोक चादरी घेऊन धावले, त्याच चादरींच्या झोळ्या करून त्यांनी जखमींना रस्त्यावर आणलं. असं धावणं मी जगात दुसरीकडे पाहिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी लोकल सुरू झाल्या, आपण 'मुंबई स्पिरिट' म्हणून स्वतःची पाठ थोपटली, आणि विचारायचं ते राहूनच गेलं. सगळा भार खटल्यावर पडला आणि खटला उभा होता पोलिसांपुढच्या कबुलीजबाबांवर. त्यातला काही मजकूर शब्दशः सारखा असल्याचं उच्च न्यायालयाने दाखवून दिलं. एकोणीस वर्षांनी ज्यांची माणसं गेली त्यांच्या हाती काही नाही आणि तुरुंगात वर्षं घालवलेल्यांच्याही हाती काही नाही.

मामेभावाला मी एक गोष्ट सांगितली, ती त्याला ठाऊक नव्हती. कॉरोनरचं कोर्ट मुंबईतही होतं. ब्रिटिशांच्या काळापासून चालत आलेलं ते कोर्ट आपण १९९९मध्ये बंद केलं. तेव्हापासून अशा मृत्यूची नोंद उरली ती मुख्यतः पोलिसांच्या पंचनाम्यात.

निर्दोष सुटकेविरुद्धचं सर्वोच्च न्यायालयातलं अपील त्याच्या गतीने चालेल. तेवढ्यासाठी थांबू नका. प्रवासी संघटनांनी, वकिलांनी आणि पश्चिम उपनगरांतल्या आमदारांनी अकरा जुलैच्या प्रत्येक मृत्यूची उघड न्यायालयीन चौकशी मागावी, नातेवाइकांना त्यात प्रश्न विचारण्याचा हक्क मागावा आणि ती मागणी येत्या अधिवेशनातच करावी.