मे महिन्याचा वारा आणि शिडाची फळी

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो, परीक्षेत बाणांची आकृती काढली आणि विसरून गेलो. विंडसर्फिंग करणाऱ्यांना मात्र ती आकृती रोज लागते. विशेषतः मे महिन्यात, जेव्हा गोव्यातला हंगाम संपत आलेला असतो आणि वारा ऐन रंगात येतो.

हिवाळ्यात करंझाळे-दोनापावलाच्या किनाऱ्यावर वारा बेताचा असतो. शिकणाऱ्यांसाठी ते दिवस उत्तम. फळीवर उभं राहायचं, पाण्यात पडलेलं शीड दोरीने वर ओढायचं, दोन हात पुढे जायचं आणि धपकन पडायचं. पण एप्रिल-मेमध्ये जमीन जशी तापते, तसा दुपारनंतर समुद्रावरून वायव्येचा खारा वारा जोर धरतो. पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागतात. हौशी पर्यटक चहाकडे वळतात, तेव्हा मुरलेले खेळाडू शीड जोडायला घेतात.

जोराच्या वाऱ्यात हा खेळच वेगळा होतो. वाऱ्याचा वेग 10 नॉटवरून 20 नॉटवर, म्हणजे ताशी सुमारे 18 किलोमीटरवरून 37 वर गेला, तर शिडावरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. म्हणून हलक्या वाऱ्यात सात-आठ चौरस मीटरचं शीड लावणारा माणूस आता साडेचार-पाचचं लावतो. शीड लहान आणि वेग जास्त, हे नवख्याला उलटंच वाटतं. ठरावीक वेगानंतर फळी पाणी कापत नाही, पाण्यावर उचलली जाते. तळ्यात तिरका भिरकावलेला चपटा दगड जसा टप्पे घेत जातो, तशी. पाय पट्ट्यांत अडकवायचे, कमरेच्या हार्नेसचा आकडा बूमच्या दोरीत घालायचा आणि सगळं वजन मागे टाकायचं. ताकद हातांत लागते हा गैरसमज आहे. हातांनीच ओढत राहिलं तर दहा मिनिटांत मुठी वळेनाशा होतात.

हा खारा वारा जोराचा असला तरी एका अर्थी भला आहे. तो किनाऱ्याकडे वाहतो. काही बिघडलं तरी तुम्हाला हळूहळू वाळूकडेच आणतो. पहाटेचा मतलई वारा शांत, गुळगुळीत, फोटोला सुंदर, पण तो जमिनीवरून समुद्राकडे नेतो. माझ्या मते नवशिक्यांनी वाऱ्याच्या जोराला जेवढं घाबरावं, त्याहून जास्त त्याच्या दिशेला घाबरावं.

आणि मेमध्ये ही दिशा फसवते, ती वळवामुळे. दुपारी सह्याद्रीवर ढग रचले जातात. समुद्रावरचा माणूस पश्चिमेच्या उन्हात, लाटांत रमलेला. पाठीमागे पूर्वेचं आकाश काळं होतंय हे त्याच्या गावीही नसतं. मग चांगला वाहणारा वारा एकदम पडतो. शीड लोंबतं. काही मिनिटांनी जमिनीकडून गार झोत येतो, तोही समुद्राकडे ढकलणारा. शिवाय विजा. सपाट पाण्यावर चारेक मीटरची डोलकाठी धरून उभा असलेला माणूस आसपासच्या सगळ्यात उंच ठिकाणी असतो, आणि डोलकाठीतल्या कार्बन फायबरमधून वीज वाहते. गडगडाट ऐकू आला की बाहेर यायचं, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात पाऊल टाकायचं नाही. ढग गडगडण्याची वाटही न पाहता, वारा पडताच निघावं हे उत्तम. रांपणकारांना हे कोणी शिकवावं लागत नाही.

अडकलातच तर फळी सोडून पोहायला लागू नका. फळी तरंगते, माणूस दमतो. शीड खाली टाकून फळीवर पालथं पडायचं आणि हातांनी वल्हवायचं. दोन्ही हात बाजूला पसरून सावकाश वर-खाली करणं ही मदत मागण्याची खूण जगभर समजते.

हा खेळ काही फक्त परदेशी पाहुण्यांचा राहिलेला नाही. कात्या आणि डेन कुएल्हो ही गोमंतकीय भावंडं भारतातर्फे आंतरराष्ट्रीय स्पर्धांत उतरली आहेत. 2023 मध्ये झालेल्या हांगझोऊ आशियाई खेळांत इबाद अली यांनी विंडसर्फिंगमध्ये कांस्यपदक मिळवलं. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ 1984 पासून आहे, महिलांसाठी 1992 पासून. दोनापावलाला जलक्रीडा शिकवणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. सुट्टीत गोव्यातल्या मावशी-आत्यांकडे येणाऱ्या भाचरांनी पोहणं पक्कं करून यावं आणि सुरुवात मात्र हिवाळ्यात करावी. मेचा वारा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी ठेवा.

1 जूनला यांत्रिक मासेमारीची 61 दिवसांची बंदी सुरू होते. होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकतात. त्याच सुमारास फळ्याही घरी जातात: गोड्या पाण्याने मीठ धुवायचं, जोडांमधली वाळू काढायची, शीड सावलीत पूर्ण वाळवून मगच गुंडाळायचं. ओलं गुंडाळलं तर पावसाळाभर बुरशी धरते, आणि ऑक्टोबरमध्ये उघडल्यावर वास आधी येतो.