काळा धूर ओकणारी गाडी

ओपीडीत एक पिकअपचालक आला. महिनाभर खोकला. बोलता बोलता म्हणाला, ‘डॉक्टरसाहेब, गाडीचंही तसंच आहे. घाटात दम धरत नाही, काळा धूर ओकते.’ टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाइप चिरला होता. त्यावर त्याने टेप गुंडाळली होती.

टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊ शकणारा पंखा. तो हवा दाबून इंजिनात भरतो. पाइप फाटला की हवा वाटेतच निसटते, डिझेल अर्धवट जळते आणि काजळी बाहेर पडते. डिझेल इंजिनाच्या धुरामुळे फुफ्फुसाचा कर्करोग होतो, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये शिक्कामोर्तब केले. गाडीभोवती दिवस काढणाऱ्या चालकाच्या, हमालाच्या छातीत तो रोज जातो.

म्हणून टेप नको, पाइपच बदला. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच हात घाला. नवा पाइप त्याच मापाचा, उष्णता आणि दाब सोसणारा हवा. क्लॅम्पही नवे घ्या. उघड्या तोंडात खडा किंवा फडके राहिले तर टर्बोची पाती मोडू शकतात. गाडी चालू करून पाहायची ती उघड्यावर, बंद शेडमध्ये नव्हे.

आणि खोकल्याचे खापर धुरावर फोडून मोकळे होऊ नका. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकी तपासून घ्या. सरकारी रुग्णालयात क्षयरोगाची ही तपासणी मोफत होते. त्या चालकालाही मी गॅरेजच्या आधी तिकडेच पाठवले.