उजनीभर इलेक्ट्रॉन

नीरा नरसिंहपूरला पाण्याचा हिशेब सगळ्यांना कळतो. भीमेतून उजनीचं पाणी येतं, नीरेतून वीरचं, आणि लक्ष्मी-नृसिंहाच्या देवळाखाली एक होऊन ते पंढरपूरकडे निघतं. पावसाळ्यात टीएमसी आणि क्युसेक शाळकरी पोरांच्याही तोंडी असतात. म्हणून इलेक्ट्रॉनही मी उजनीच्याच मापाने मोजणार आहे.

उजनी शंभर टक्के भरली की साठा होतो ११७ टीएमसी, म्हणजे सुमारे ३ लाख ३२ हजार कोटी लिटर. एका लिटरचे वीस हजार थेंब धरा. सगळ्या धरणाचे थेंब होतात ६६ वर पंधरा शून्यं.

आता समजा, घाटाच्या पायरीवर कुणाचा पाय घसरला, गुडघा सुजला आणि अकलूजला किंवा इंदापूरला एक्स-रे काढायची वेळ आली. यंत्रावर ६० किलोव्होल्ट, १०० मिलिअँपिअर आणि सेकंदाचा दहावा भाग एवढं लावलं. ‘हलू नका’ म्हणून बटण दाबलं, सुटलं, झालं. तेवढ्यात नळीतून गेलेले इलेक्ट्रॉन किती? ६२ वर पंधरा शून्यं. जवळजवळ भरलेली उजनी, थेंब न् थेंब, एका गुडघ्यासाठी!

एक्स-रेची ही नळी म्हणजे निर्वात नळीच, जुन्या रेडिओतल्या व्हॉल्व्हची सख्खी बहीण. टंगस्टनची तार तापते, इलेक्ट्रॉन सुटतात आणि साठ हजार व्होल्ट त्यांना पलीकडे खेचतात. जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरच्या अंतरात त्यांचा वेग सेकंदाला सुमारे १ लाख ३४ हजार किलोमीटरवर जातो, प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास ४५ टक्के. मग ते टंगस्टनवर आदळतात. त्यांच्या ऊर्जेचा जेमतेम एक टक्का क्ष-किरण होतो, बाकीची सगळी उष्णता. सहा किलोवॅट, म्हणजे आठ एचपी, एक-दोन मिलिमीटरच्या ठिपक्यावर! टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसपर्यंत वितळत नाही, म्हणून ते हे सोसतं.

आणि नळीतली पोकळी? बाहेर एका घन सेंटिमीटर हवेत २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. नळीतला दाब बाहेरच्या हजार कोटीव्या भागाएवढा धरला, तरी आत २५० कोटी रेणू उरतातच. पण ते इतके विरळ, की एका रेणूची दुसऱ्याशी गाठ पडायला सरासरी अर्ध्या किलोमीटरहून जास्त मोकळी वाट हवी. इलेक्ट्रॉन बिनअडथळा धावतो तो त्यामुळे.

व्हॉल्व्हचा जमाना गेला, असं सर्रास म्हटलं जातं. हिशेबाच्या कामापुरतं ते खरंच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झालेल्या टिफ्रॅक संगणकात २,७०० व्हॉल्व्ह होते. आज खिशातल्या मोबाइलच्या एका चिपमध्ये हजार कोटींहून जास्त ट्रान्झिस्टर मावतात. पण जोर लावायचा असला की सिलिकॉन तापतं, फुटतं. पोकळीत जळायला काही नसतंच. मायक्रोवेव्ह ओव्हनमधला मॅग्नेट्रॉनही निर्वात नळीच, सेकंदाला २४५ कोटी कंपनांची. आपल्याच पुणे जिल्ह्यात, भोसरीला, बेल ऑप्ट्रॉनिक या कंपनीने रात्रीच्या अंधारात पाहायच्या दुर्बिणींसाठी निर्वात नळ्या बनवल्या. अशा नळीत नाण्याएवढ्या काचेच्या चकतीला लाखो आरपार छिद्रं असतात, एकेक केसाहून कितीतरी बारीक. एका छिद्रात एक इलेक्ट्रॉन शिरला की पलीकडून हजारो बाहेर पडतात.

मला सगळ्यात थोर वाटते ती मात्र पत्र्यावरच्या छत्रीपर्यंत चित्र पाठवणारी नळी. डीडी फ्री डिशचे कार्यक्रम जीसॅट-१५ उपग्रहावरून येतात. तो विषुववृत्तावर सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर आहे, आणि अशा उपग्रहांवर लहरींना बळ देतात त्या ट्रॅव्हलिंग वेव्ह ट्यूब. एकेकीची ताकद साधारण शे-दीडशे वॅट. ती निम्म्याहून अधिक भारतखंडावर पसरते, तेव्हा दोन फुटी छत्रीच्या वाट्याला वॅटचा लाख-कोटीवा भाग, फार तर असे दोन-तीन भाग येतात. तेवढ्यावर नरसिंहपुरात बातम्या स्वच्छ दिसतात. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या या उपग्रहाचं ठरवलेलं आयुष्य १२ वर्षं. म्हणजे १ लाख ५ हजार तास नळीतली तापती बाजू टिकायला हवी, आणि दुरुस्तीला तिथं कुणी जाऊ शकत नाही.